वीतभर माती

कचरा टाकला म्हणून भांडणारी माणसं आमच्या सोसायटीत पैशाला पासरी होती. कचरा नेला म्हणून भांडणारा माणूस एकच, तळमजल्यावरचे काका. सकाळी झाडूवाला मागच्या बाजूला वळला रे वळला, की हे बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यात दारात हजर. एका पानाला हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद. झाडूवाला बिचारा माझ्याकडे यायचा, कारण मी सेक्रेटरी. झाडलं तर काका ओरडतात, नाही झाडलं तर दुसरा मजला ओरडतो, मग मी करू काय, असं विचारायचा. मी त्याला चहा पाजून परत पाठवायचो. माझी सेक्रेटरीपदाची बावीस वर्षं साधारण अशीच गेली.

मुलुंड पूर्वेला आमची चार मजली, बिनलिफ्टची बिल्डिंग. तिच्यामागे कंपाउंडच्या भिंतीपर्यंत बारा फूट रुंद आणि साठेक फूट लांब अशी जमिनीची पट्टी. भिंतीपलीकडे दुसरी सोसायटी, आणि त्या सोसायटीत एक दांडगा बदाम, आपला रस्तोरस्ती असतो तो जंगली बदाम. झाड त्यांचं, पण निम्म्या फांद्या आमच्या बाजूला. पानगळ सुरू झाली की आमच्या पट्टीत तांबड्या पानांचा खच पडायचा. ह्या पानांवरून दोन सोसायट्यांची इतकी पत्रापत्री झाली होती की त्याची वेगळी फाइल होती. फांद्या छाटा म्हणून आम्ही लिहायचो, छाटणार नाही म्हणून ते लिहायचे. आणि छाटायची वेळ आलीच तर काका आमच्याच मीटिंगमध्ये उभे राहून त्यांच्या बाजूने बोलायचे. आमचे लोक मग नुसते जळफळायचे.

काका मालवणकडचे. साकीनाक्याच्या एका कारखान्यात टूलरूमचे फोरमन होते. सुक्या पानांच्या कचऱ्याला त्यांच्याकडे पातेरो म्हणतात. हा शब्द त्यांच्या तोंडी दिवसातून पन्नास वेळा यायचा, त्यामुळे पोरांनी त्यांचं नाव पातेरोकाका पाडलं, आणि पुढे मोठी माणसंही पाठीमागे तेच म्हणायला लागली. काकूंना हे माहीत होतं. "ह्यांका माणसां नको, नुसतो पातेरो होयो," असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या, आणि सांगता सांगता मांडीवरच्या सुपात बदामाची पानं फाडत बसलेल्या असायच्या. बदामाचं पान अख्खं टाकलं तर त्यावर पाणी अडतं, खाली मातीत जात नाही, म्हणून त्याचे चार तुकडे करायचे. संध्याकाळी टीव्हीवर बातम्या लागल्या की नवरा-बायको समोरासमोर बसून, मेथी निवडावी तशी पानं फाडायचे. मी एकदा मेंटेनन्सची पावती द्यायला गेलो तर मलाही एक ढीग पुढ्यात दिला. पावती राहिली बाजूला, मी तासभर पानं फाडून घरी आलो. बायकोने विचारलं कुठे होतास, तर सांगायची लाज वाटली.

ह्या वेडाची सुरुवात त्यांनी मला एकदा सांगितली होती. राहायला आले तेव्हा ही पट्टी म्हणजे बिल्डरने टाकून दिलेला राडारोडा होता. लाद्यांचे तुकडे, सिमेंटचे गड्डे, वाळू. काकांनी मोठ्या हौसेने मोगरा, तुळस, मिरच्या लावल्या. मे महिन्यात सगळं करपलं. तेव्हा त्यांना दिसलं की भिंतीच्या कोपऱ्यात, जिथे वाऱ्याने बदामाची पानं गोळा झाली होती, तिथे कसलंसं तण हिरवंगार उभं आहे. त्याला कोणी पाणी घालत नव्हतं. माणूस फोरमन. एक भाग बिघडला आणि शेजारचा तसाच दुसरा चालला, तर दोघांत फरक काय, हे शोधल्याशिवाय त्याला जेवण जायचं नाही. त्यांनी पानं बाजूला केली आणि खाली हात घातला. गावाला त्यांच्या वडिलांनी जन्मभर पातेरा गोळा करून भाताच्या वाफ्यावर जाळला होता. मुलाने त्या दिवसापासून एक पान जाळलं नाही.

तेव्हापासून 'हात घाल' हे त्यांचं पेटंट वाक्य. कोणी तक्रार घेऊन आला की काका वाद घालायचे नाहीत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा भर दुपार होती, एप्रिल-मेचे दिवस. दुसऱ्या मजल्याची तक्रार होती की मागे उकिरडा झालाय. काकांनी माझं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं, मला आधी पार्किंगजवळच्या उघड्या जमिनीवर हात ठेवायला लावला. चटका बसला. मग पट्टीत नेऊन म्हणाले, आता इथे घाल. पानांच्या थराखाली मी बोटं सरकवली. मी खोटं सांगत नाही, खाली गारवा होता, ओल होती, आणि बोटांच्या मधून काहीतरी हळूच सरकून गेलं. मी दचकून हात ओढला. काका म्हणाले, "घाबरू नको रे, कामगार आहेत ते. शिफ्ट चालू आहे." गांडुळं होती. तक्रारीचं पत्र माझ्या खिशातच राहिलं.

त्यांच्या झोळीत काय काय यायचं त्याला सुमार नव्हता. रसवंतीवाल्याकडची उसाची चिपाडं, नारळवाल्याकडच्या शेंड्या, शेंगदाण्याची टरफलं. सुताराकडचा भुसा नाकाला लावून वास घेतल्याशिवाय आणायचे नाहीत. प्लायवुडचा असेल तर परत. त्यात गोंद असतो, माझ्या माणसांना बाधतो, म्हणायचे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तर ते पिशवी घेऊन चारही मजले चढायचे. आदल्या दिवशी सगळ्यांनी एकमेकांना वाटलेली आपट्याची पानं घराघरांत टेबलावर, देव्हाऱ्यात, फ्रिजवर पडलेली असायची. दारात उभं राहून काका अगदी सभ्यपणे विचारायचे, "सोनं वापरून झालं असेल तर द्या." पहिल्या वर्षी लोक हसले. नंतर नंतर बायका आपणहून पिशवी भरून ठेवायला लागल्या. तोरणाचा झेंडूही जायचा. निर्माल्य पायदळी येतं म्हणून पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ भडकले होते, तर काकांनी त्यांच्या समोर चपला काढल्या आणि तेव्हापासून त्या पट्टीत ते कायम अनवाणी वावरले. पाऊस असो, ऊन असो. आता ह्याला काय म्हणणार?

एकदा मात्र प्रकरण चांगलंच पेटलं. त्या वर्षी आमच्या भागात डेंग्यूचे पेशंट निघाले आणि दुसऱ्या मजल्याने थेट महापालिकेत तक्रार ठोकली की ह्या पाल्यापाचोळ्यात डास होतात. तपासणीला माणूस आला. सगळी सोसायटी गॅलऱ्यांत उभी. आता म्हाताऱ्याची वाट लागली, असं मलाही वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं, कारण माझ्या डोक्याचा ताप गेला असता. तपासनीस पट्टीभर फिरला. काकांनी त्यालाही हात घालायला लावला. पाणी साचलेलं कुठेच नव्हतं, कारण पडलेला थेंब न् थेंब माती पिऊन टाकत होती. मग तो माणूस शिस्तीने वर चढला, एकेक गॅलरी बघायला लागला, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या मनीप्लांटच्या कुंडीखालच्या ताटलीत त्याला वळवळणाऱ्या अळ्या सापडल्या. नोटीस दुसऱ्या मजल्यालाच लागली. त्या दिवशी काका एका शब्दाने कोणाला टोचून बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी दुसऱ्या मजल्यावर अळूची पानं पाठवली, वडीसाठी. बरोबर निरोप, ताटलीत वाळू घाला म्हणजे पाणी साचणार नाही.

दरवर्षी पहिल्या जानेवारीला ते काकूंची विणायची सुई घेऊन पट्टीत उतरायचे आणि ती मातीत खुपसायचे. कुठपर्यंत विनासायास जाते ते बघायचं आणि भिंतीवर पेन्सिलने रेघ मारायची. पहिल्या वर्षी सुई आत शिरलीच नाही, वाकली. दहा वर्षांनी ती चार बोटं आत गेली. शेवटच्या रेघेला पूर्ण वीत. एका माणसाने फाडलेल्या पानांमधून, अनवाणी पायांनी, राडारोड्यावर वीतभर काळी माती उभी केली. पाणीकपातीच्या दिवसांत आमच्या कुंड्या माना टाकायच्या तेव्हा काका आठवड्यातून दोनदा काकूंचं भाजी धुतलेलं पाणी घालायचे आणि त्यांचा पडवळ मांडवावरून लोंबत असायचा. नागपंचमीला पातोळ्यांसाठी हळदीची पानं अख्ख्या बिल्डिंगला पुरायची. ते सगळं बघून मला काय वाटायचं ते नीट सांगता येत नाही. कौतुक म्हटलं तर फार कमी होतं. कधी कधी त्यांच्याकडे बघायची भीतीच वाटायची. एवढ्या चिकाटीचा माणूस आपल्या जिन्याखाली राहतो आणि आपण त्याला मेंटेनन्सची आठवण करायला जातो, असं व्हायचं.

मग रीडेव्हलपमेंट आली. मुलुंडमध्ये कोणाच्या नशिबी ती नाही? सगळ्यांची खात्री होती की काका आडवे येणार, कोर्टात जाणार. मीटिंग भरली. पण पहिली सही काकांची. मला राहवेना, मी नंतर विचारलं. तर म्हणाले, तिसऱ्या मजल्यावरची आजी चार वर्षं खाली उतरलेली नाही, तिने लिफ्टची वाट किती दिवस बघायची? स्वतः तळमजल्यावर राहणारा माणूस हे बोलत होता. 

त्यांची मागणी एकच होती, आणि ती त्यांनी बिल्डरकडे केली नाही, माझ्याकडे केली. पट्टीत मशीन उतरायच्या आधी एक महिना मला सांग. झाडांचं त्यांना काही नव्हतं, झाडं पुन्हा लावता येतात. त्यांना माती न्यायची होती. कुठे, तर भिंतीपलीकडे, त्या बदामाखाली. तिथली जमीन रोज खराटा मारून मारून नागडी झाली होती. काका परस्पर त्यांच्या चेअरमनना भेटून परवानगी घेऊन आले होते. मी म्हटलं, काका, ज्यांच्याशी आपली बावीस वर्षांची भांडणं, त्यांना? "पानं त्यांच्याच झाडाची रे," ते म्हणाले. "आपल्या सगळ्यांना बिल्डर भाडं देतोय, नवीन घर होईपर्यंत. मातीला कोण देणार?" एक महिना लागेल, हा त्यांनी हिशोब करून काढलेला आकडा होता. मी शब्द दिला. त्यांच्या हातात हात घालून दिला.

आणि तो मी पाळला नाही. बिल्डरचं पत्र आलं, की लोक खोल्या रिकाम्या करत असतानाच मागची पट्टी आधी खोदायला घेणार, सामानाची शेड तिथे उभी करायची आहे. एप्रिलमधल्या एका सोमवारची तारीख होती, पाच आठवडे पुढची. मी ते पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं. आज सांगू, उद्या सांगू. विसरलो असं म्हणायला मला आवडेल, पण मी विसरलो नव्हतो. मला वाटलं, सांगितलं की म्हातारा मुदत मागणार, बिल्डर कटकट करणार, आणि सगळी सोसायटी माझ्या डोक्यावर बसणार. शेवटच्या बुधवारी संध्याकाळी, आता लपवणं अशक्य झालं तेव्हा, मी खाली गेलो. काका-काकू पानं फाडत होते. मी पत्र पुढे केलं. त्यांनी तारीख वाचली, पत्र लिहिल्याची, पाच आठवड्यांपूर्वीची तारीखही वाचली. म्हणजे त्यांना सगळं कळलं. काकू माझ्याकडे बघत राहिल्या. काकांनी पत्र घडी करून परत दिलं आणि एवढंच विचारलं, "म्हणजे चार दिवस?" मी मान हलवली. ते उठले आणि पट्टीत गेले.

पुढचे चार दिवस मी जे पाहिलं ते मी माझ्या आयुष्यात दुसरीकडे पाहिलेलं नाही. शहात्तर वर्षांचा माणूस सकाळी सहाला सुरू व्हायचा. आधी हातभर जागेवरची पानं अलगद बाजूला करायची. मग फावड्याने माती वरची वर, खालची खाली अशी थराने उचलायची, घमेल्यात ठेवून त्यावर ओलं गोणपाट टाकायचं. भिंतीला लावलेल्या शिडीवरून ते घमेलं पलीकडे. तिथे उतरून माती त्याच क्रमाने अंथरायची आणि लगेच वर पानं. मग पुढची हातभर जागा. मी शुक्रवारी नाक्यावरून दोन मजूर आणले. माझा अपराध होता, मला काहीतरी करायचं होतं. त्यांनी भराभर फावडी मारायला घेतली तर काकांनी थांबवलं आणि त्यांना आपली पद्धत शिकवली. तेही हळू झाले. मी वैतागून म्हटलं, काका, ह्या गतीने अर्धंही होणार नाही, आधी सगळं पलीकडे फेकू, झाकायचं नंतर बघू. ते फावडं टेकवून माझ्याकडे वळले. "उन्हात टाकली तर अर्ध्या तासात आतलं सगळं मरतं. मग नेऊन काय करू? मेलेलीच न्यायची तर ती इथेच असलेली काय वाईट?" एवढं बोलून पुन्हा खाली वाकले. रागाने बोलले असते तर बरं झालं असतं. शनिवारी त्यांच्या तळहातांना फोड आले, काकूंनी जुन्या साडीच्या चिंध्या गुंडाळून दिल्या. रविवारी पलीकडचे चेअरमन स्वतः भिंतीशी येऊन घमेली उतरवून घेत होते. बावीस वर्षं पत्रं लिहिणारा माणूस. आमची दोघांची नजरानजर झाली.

सोमवार उजाडला तेव्हा पट्टीचा तिसरा हिस्सा राहिला होता. काका पहाटेच उतरले होते. मशीन दुपारपर्यंत येणार नाही असा अंदाज धरून त्यांनी उरलेल्या सगळ्या जागेवरची पानं एकदम बाजूला ओढून ठेवली होती, म्हणजे वेळ वाचेल. एवढ्या दिवसांत त्यांनी स्वतःची पद्धत मोडली ती एवढीच. आणि मशीन सकाळी नऊलाच आलं.

सुपरवायझर पोरगा होता, त्याचीही चूक नव्हती, त्याला संध्याकाळपर्यंत जागा साफ हवी होती. मी त्याच्या मागे लागलो, एक दिवस दे, अर्धा दिवस दे. तो फोन लावत राहिला आणि पलीकडून नाही येत राहिलं. मी सेक्रेटरी, माझी सही त्या करारावर. माझे हात तिथेच बांधलेले होते आणि ते मीच बांधून घेतले होते. शेवटी मी काकांपाशी गेलो आणि म्हटलं, "काका, नाही ऐकत. माझ्यामुळे झालं हे. मला माफ करा."

काकांनी उरलेल्या पट्टीकडे पाहिलं. काळीभोर, ओली माती, उघडी, आणि ऊन तिच्यावर यायला लागलेलं. मला वाटलं, आता हा माणूस खाली बसेल, रडेल, नाहीतर माझी कॉलर धरेल. त्यांनी घमेलं बाजूला ठेवलं, फावडं भिंतीला टेकवलं. मजुरांना हात धुवायला सांगितलं. मग वाकले, ढिगातली पानं दोन्ही हातांनी उचलली आणि मातीवर पसरायला लागले. पाच-दहा मिनिटांत जी उपसली जाणार होती त्या मातीवर. एका टोकापासून, रोजच्यासारखी.

सुपरवायझर मला म्हणाला, हे काय करतायत? माझ्याही तोंडून तेच निघालं. "काका, आता कशाला?"

"मीच उघडी केली ना ती," ते म्हणाले. "झाकायला नको?"

मशीनवाल्याने इंजिन बंद केलं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तो वरच बसून बघत राहिला. सुपरवायझर काहीतरी बोलायला गेला, तर त्याने नुसता हात वर करून त्याला थांबवलं.   मी चपला काढल्या, त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर बसलो आणि ओंजळ भरभरून पानं टाकायला लागलो, जितकी टाकता येतील तितकी. काकांनी माझा हात धरला. चिंधीतून त्यांची बोटं गरम लागत होती.

"एवढी नको रे," ते म्हणाले. "खालून वर येतात ती गांडुळं. त्यांना वाट ठेव."

मशीनचा पंजा आमच्यापासून दहा फुटांवर होता. मी वरची वर पानं उचलली आणि बाजूच्या उघड्या जागेवर पसरली.